आधीच्या मालकाने शेवटचं ऑइल कधी बदललं होतं?

जुनी पिकअप विकत घेऊन दारात आणून लावली तेव्हा माझ्या डोक्यात हा प्रश्न नव्हता, सीट कव्हर होती. मग स्पीकर, मग हौद्यात टाकायला जाड रबरी मॅट. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, मीटरवर 1,38,000 किलोमीटर. चालवून पाहिली तेव्हा ओढ चांगली वाटली, गिअर नीट पडत होते, रंगही शाबूत होता. सर्व्हिसचं पुस्तक मात्र नव्हतं. विकणाऱ्याने "सगळं वेळच्या वेळी केलंय" एवढं सांगून किल्ली हातात ठेवली, आणि मीही खूश होऊन ती घेतली.

ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली ती खरं तर कौतुक करून घ्यायला. त्यांनी कौतुक केलं नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं, चौकटीवर ऑइल बदलल्याचा स्टिकर शोधला आणि त्यावरचा आकडा मला वाचायला लावला. 1,21,000.

"म्हणजे 17 हजार झाले. किंवा मधे बदललंही असेल आणि स्टिकर लावला नसेल. तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही. मग आपण असं धरून चालायचं की या गाडीत आजवर काहीच बदललेलं नाही."

माझे पुढचे तीन आठवडे या एका वाक्यात गेले. सीट कव्हर अजून घेतलेली नाहीत.

सुरुवात पान्याने होईल असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मला घरी पाठवलं. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरायचा, सकाळी इंजिन थंड असताना त्यांना बोलवायचं, आणि ते येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. थंड इंजिन का, हे विचारल्यावर म्हणाले, गरम डिझेल इंजिन खोटं बोलतं. तेव्हा आठवलं की मी गाडी बघायला गेलो त्या दिवशी बॉनेट चांगलंच कोमट होतं. विकणाऱ्याने आधीच अर्धा तास फिरवून ठेवली असणार. मला ते तेव्हा आदरातिथ्य वाटलं होतं.

सकाळी पुठ्ठ्यावर तीन डाग होते. इंजिनच्या मागच्या बाजूला एक काळा, चार थेंबांचा. मागच्या डिफरन्शियलखाली (मागच्या एक्सलमधली गिअरपेटी) एक तपकिरी आणि घट्ट, ज्याला गंधकासारखा उग्र वास येत होता. गिअर ऑइल एकदा हुंगलं की पुन्हा ओळखायला चूक होत नाही. तिसरा डाग डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, पातळ, जवळजवळ बिनरंगाचा. आदल्या दिवशी गाडी धुतली होती, त्यामुळे हे पाणीच असेल असं मी ठरवून टाकलं. मिस्त्रींना दाखवताना तो भाग पुठ्ठ्याच्या घडीत गेला होता. हा डाग पुढे पुन्हा येणार आहे.

थंडीत सेल्फ मारला तर इंजिन रडतरडत फिरलं, चौथ्या-पाचव्या सेकंदाला पेटलं, अर्धा मिनिट तीन सिलिंडरवर लंगडत चाललं आणि मागून पांढरा धूर सोडला. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा धूर. मग हळूहळू सरळ झालं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंड इंजिनात ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर प्लग. चारपैकी एक मेला की तेवढं सिलिंडर न पेटलेलं डिझेल बाहेर फेकतं. निळा धूर असता तर तो जळणाऱ्या ऑइलचा आणि मी रडलो असतो. काळा असता तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण सैल करून तसंच ठेवलं. ते नाचलं नाही, किंचित थरथरलं फक्त. पिस्टनच्या रिंगा झिजून दाब खालच्या ऑइलच्या चेंबरात उतरत असता तर झाकण उडालं असतं म्हणे. इथे पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

सेल्फ रडतो म्हणजे बॅटरी गेली, हा माझा निदानाचा झटपट प्रकार. मी नवी बॅटरी घ्यायला निघालोच होतो. त्यांनी मीटर लावला. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरने 1.4 व्होल्ट दाखवले. ही दोन टोकं चॅसीमार्फत जाड तारांनी जोडलेली असतात, तिथे आकडा शून्याच्या आसपास हवा. म्हणजे सेल्फच्या वाट्याचे जवळजवळ दीड व्होल्ट एका गंजक्या जोडणीत विरघळत होते. इंजिनला चॅसीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी काढली तर बोल्टखाली हिरवी-पांढरी पूड. पॉलिश पेपरने घासली, दोन्ही बाजूंचा धातू चमकेपर्यंत खरवडला, बोल्ट कसला, वरून थोडं ग्रीस. पुन्हा मोजलं तर 0.2. त्यानंतर सेल्फ असा फिरला की मी दचकलो. बॅटरी जुनीच आहे, छान चालली आहे.

हीटर प्लग मात्र एक खरोखरच मेलेला निघाला. मीटरवर बाकीचे तीन एका ओहमच्या आत, चौथ्यातून वीज जातच नव्हती. चारही बदलले. हे काम मी घरी करून बघणार होतो, पण मिस्त्रींनी डोळे मोठे केले. वर्षानुवर्षं काजळीत रुतलेला हीटर प्लग जोर लावला की हेडमध्येच मोडतो, आणि मग हेड उतरवावं लागतं. त्यांनी आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, दुसऱ्या दिवशी इंजिन गरम करून, पाव-पाव फेरा पुढेमागे करत एकेक बाहेर काढला. पाऊण तास चाललं. मी श्वास धरून उभा.

आता ऑइल. डिपस्टिकवरचं ऑइल डांबरासारखं काळं होतं आणि मी त्यावरून आधीच्या मालकाला मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो. ते चुकीचं होतं. डिझेल इंजिनात काजळी ऑइलमध्ये उतरतेच, नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळं पडतं, आणि काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. रंगावरून काही कळत नाही. कळतं ते पातळीवरून. पातळी कमी असेल तर ऑइल गळतंय किंवा जळतंय. न भरता पातळी वाढत असेल तर ते अधिक वाईट, कारण मग ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. काजळी जाळणारा फिल्टर असलेल्या नव्या गाड्यांत हे बऱ्याचदा होतं. माझ्या गाडीला तो फिल्टर नाही, त्यामुळे 15डब्ल्यू-40 चं साधं डिझेल ऑइल चाललं. तो फिल्टर असेल तर कमी राखेचं ऑइलच लागतं, नाहीतर राख साचून फिल्टर बुजतो. गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघावं, दुकानदार काय म्हणतो ते नंतर.

साडेसहा लिटर ऑइल गरम इंजिनातून काढलं. बोल्टचं तांब्याचं वॉशर नवं घातलं. जुना फिल्टर काढल्यावर मिस्त्रींनी तो उलटा करून मला विचारलं, "रबर आहे का याला?" होतं. मग ठीक. कधीकधी जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसतो, दोन रबरं एकमेकांवर येतात, आणि इंजिन सुरू झाल्यावर दाबाने सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल फासलं, हाताने टेकेपर्यंत फिरवला आणि पुढे पाऊण फेरा. पाना नाही. हे एक काम आता मी डोळे मिटून करू शकतो.

डिझेल फिल्टरचं काम मी एकट्याने करायचं ठरवलं, आणि तिथे मला माझी लायकी कळली.

फिल्टर बदलण्याआधी त्याच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू सैल करून जे येईल ते काचेच्या बाटलीत घ्यायला सांगितलं होतं. घेतलं. बाटली खिडकीत ठेवली आणि पाच मिनिटांनी पाहिलं. वर फिक्कट पिवळं डिझेल, खाली बोटभर पाणी, आणि दोघांच्या मधे एक काळपट, शेवाळासारखी साय. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाशी बसतं, हे शाळेतलं झालं. साय मात्र जिवंत होती. टाकीतल्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, डिझेल खातात आणि फिल्टर बुजवतात. माझी मुलगी बाटली उजेडात धरून बघत राहिली. "बाबा, हे आपल्या इंजिनात जात होतं?" जात नव्हतं, फिल्टरने अडवलं होतं, पण फार दिवस अडवलं नसतं.

पाण्याची एवढी धास्ती का, तर माझ्या गाडीसारख्या नव्या पद्धतीच्या इंजिनात डिझेलला 1,600 बार किंवा त्याहून जास्त दाब दिला जातो आणि त्या पंपाला वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरं काही नसतं. पंपाच्या आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीत सरकतात. तिथे पाणी गेलं की वंगण गेलं, गंज आला. फिल्टर बदलायला अर्धा तास लागतो. नोझल आणि पंपाचं काम निघालं तर गाडीच्या किमतीचा बरा मोठा तुकडा त्यात जातो. याच दाबापायी आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी दोनदा बजावली होती. इंजिन चालू असताना नोझलच्या नळ्यांचे नट सैल करायचे नाहीत आणि गळती बोटाने चाचपायची नाही. तो फवारा कातडीच्या आत शिरतो. जुन्या गाड्यांवर शिकलेले लोक सवयीने नट सैल करून एअर काढतात, ती सवय इथे महागात पडते.

तर, नवा फिल्टर बसवला, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. मी हात पुसले. वीस सेकंदांनी इंजिन डचकलं आणि बंद पडलं. मग सेल्फ, सेल्फ, सेल्फ. काही नाही. फिल्टरच्या वर हातपंप असतो, तो दाबून आधी नळ्यांतली एअर काढायची असते, हे मला माहीत होतं. मी सहा-सात वेळा दाबलाही होता. तो घट्ट होईपर्यंत दाबायचा असतो, हे माहीत नव्हतं. दाबायला लागलो. पन्नास वेळा, शंभर वेळा. पंप मऊच. अंगठा सुजला. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर मारायचा नाही आणि मधे मिनिटभर थांबायचं, नाहीतर तोही जळतो, तेवढं भान मी ठेवलं. दीड तासाने फोन केला.

"दाबताना फिल्टरच्या पाण्याच्या स्क्रूपाशी ओलं दिसतंय का?" मिस्त्रींनी विचारलं. ओलं नव्हतं. पण जवळ जाऊन ऐकलं तर पंप सोडताना एक अगदी बारीक 'सुस्स' ऐकू येत होतं. स्क्रूची रबरी रिंग मी जुनीच ठेवली होती. नवी रिंग फिल्टरच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पुडीत, माझ्यासमोर पडली होती. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे फट असली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणूनच बाहेरून सगळं कोरडं. रिंग बदलली, तीस वेळा दाबल्यावर पंप दगडासारखा झाला, दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू. फिल्टर आधीच बाटलीतल्या डिझेलने भरून बसवला असता तर वेळ वाचला असता का, हेही विचारून घेतलं. नाही. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळल्याशिवाय पुढे जातं. हातपंपच बरा.

टाकी उतरवून धुतली, कारण ती साय टाकीतच वाढत होती. दोन आठवड्यांनी पुन्हा बाटली भरून पाहिली तर तळाशी चार थेंब. आता दर महिन्याला बघणार.

हवेचा फिल्टर बदलायला दोन मिनिटं लागली. तो काळा असणार हे उघडच होतं. त्यापेक्षा फिल्टरच्या पलीकडच्या, स्वच्छ बाजूच्या नळीत बोट फिरवून बघायचं असतं. बोटाला धूळ लागली तर ती इंजिनने खाल्लेली धूळ. माझ्या बोटाला फक्त ऑइलचा पातळ थर लागला, तो टर्बोच्या गाड्यांत चालतो. टर्बोचा दांडा हाताने हलवून पाहिला. आडवा किंचित हलला, ते ठीक, मागेपुढे अजिबात नाही. चांगलं. चढ चढून किंवा भार ओढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर चालू ठेवायची सवय तेवढी लावून घेतली, कारण टर्बोच्या बेअरिंगला थंड करणारं ऑइल इंजिन बंद होताच थांबतं आणि तिथल्या तिथे जळून कोळसा होतं.

टायमिंग बेल्टवरून, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावरून, आमचा वाद झाला. माझ्या इंजिनाच्या पुस्तिकेत त्याची मर्यादा एक लाख किलोमीटर लिहिली आहे. वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून पाहिलं तर बेल्ट अगदी नवा वाटला. एक भेग नाही, एक धागा सुटलेला नाही. मी म्हणालो, हा बदललेला दिसतोय. मिस्त्री म्हणाले, "दिसतोय. कोणी बदलला, कधी, सोबत पुली बदलल्या का, पंप बदलला का?" आतल्या दोऱ्या थकल्या तरी वरून रबर गुळगुळीत राहू शकतं. आणि या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. मी दोन दिवस टाळलं. हे सगळ्यांत खर्चाचं काम होतं आणि मनात सारखं येत होतं की मिस्त्री आपल्याला घाबरवतायत. शेवटी केलं. बेल्ट खरोखरच बऱ्यापैकी नवा निघाला. पण त्याखालची, बेल्टला टेकू देणारी आयडलर पुली हातात घेऊन फिरवली तर आतून वाळू दळल्यासारखा आवाज आला. कोणीतरी नुसता बेल्ट बदलून पुली जुनीच ठेवली होती. पुली अडकली की नवा बेल्टही तिच्यावर घासून जातो. ती पुली मी घरी आणून टेबलावर ठेवली आहे, अधूनमधून फिरवतो.

बेल्टसोबत वॉटर पंप बदलायचा म्हणून कुलंट काढावंच लागलं. बाहेर आलं ते गेरूच्या पाण्यासारखं. कोणीतरी नळाचं पाणी भरत आलं होतं. सलग चार वेळा साध्या पाण्याने धुतलं, मग डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं. कुलंटच्या रंगावर भरवसा ठेवू नका. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे कंपन्यांचे आपापले रंग आहेत, आतल्या रसायनाची जात त्यावरून ठरत नाही, आणि दोन जाती मिसळल्या तर गंज रोखायची ताकद कमी होते. भरताना केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवला, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहिलो. झाकण अर्थात थंड इंजिनावरच उघडलं होतं. गरम रेडिएटर उघडून भाजलेला हात मी एकदा पाहिला आहे.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलताना एक साधी गोष्ट शिकलो. ऑइल काढायचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट उघडून बघायचा. माझ्या डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट गंजून एकजीव झाला होता. तेल मारलं, ठोकलं, गरम केलं, एक सॉकेट फुटलं, दुसऱ्या दिवशी दुपारी तो एक किंचाळी मारून सुटला. खालचा बोल्ट आधी काढून ऑइल सांडलं असतं तर गाडी ऑइलशिवाय, हलवताही न येण्यासारखी तिथेच बसली असती. खालच्या बोल्टला लोहचुंबक असतं, त्यावर करड्या चिखलाचा मऊ गोळा होता. बोटात चोळून पाहिला. पीठ असेल तर रोजची झीज. कपचे किंवा दाताचे तुकडे असतील तर गडबड. माझं पीठ होतं. आणि दोन्हीकडे एकच डबा ओतायचा मोह मला झाला होता तो मिस्त्रींनी मोडला. डिफरन्शियलला लागणारं जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल जीएल-4 मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये गेलं तर त्यातली गंधकाची रसायनं तिथल्या पितळी रिंगा खाऊ शकतात.

ब्रेक मी यादीत शेवटी ठेवले होते. पेडल कडक होतं, गाडी सरळ थांबत होती, मग घाई कसली? तिसऱ्या रविवारी मागची चाकं उतरवली. डावा ड्रम काढला आणि आतून काळी, ओली पेस्ट खाली पडली. ब्रेकचे लायनर ड्रमवर ढकलणारा व्हील सिलिंडर गळत होता, लायनर ब्रेक ऑइलमध्ये भिजले होते. पुठ्ठा आठवला. बिनरंगाचा तिसरा डाग. पाणी नव्हतं ते. पाणी बोटांत चोळलं की निघून जातं, ब्रेक ऑइल निसटतं राहतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. एवढी साधी चाचणी मी केली नव्हती, आणि तीन आठवडे त्याच ब्रेकवर गाडी चालवत होतो. एकदा तर हौदा भरून घाट उतरलो होतो. त्या संध्याकाळी मी कोणाशी फारसं बोललो नाही.

दोन्ही बाजूंचे सिलिंडर, दोन्ही बाजूंचे लायनर नवे. सगळं जुनं ब्रेक ऑइल काढलं, ते चहाच्या रंगाचं झालं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली, की पेडल जमिनीला टेकतं. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी खाली, स्क्रूला नळी लावून.

"दाब. धरून ठेव. सोडू नकोस... सोड."

"बाबा, पाय दुखतोय."

"दाब."

सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली आणि मागची चाकं टांगती न ठेवता गाडी ठोकळ्यांवर अशी घेतली की वजन पाट्यांवरच (मागच्या लीफ स्प्रिंगवर) राहील. पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, हौद्यात भार किती आहे ते पाट्यांच्या दबण्यावरून ओळखून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. चाकं टांगली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, तो वाट अरुंद करतो, आणि एअर नीट निघत नाही. मुलीने चाळीस-पंचेचाळीस वेळा पेडल दाबलं असेल. बदल्यात तिला स्पीकर हवेत.

बाकी उरलेलं खालचं काम. पाट्यांचे यू-बोल्ट चारही सैल होते, टॉर्क पान्याने एकाआड एक कसले. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचे (सांध्यावरचे) ग्रीस निपल चिखलाच्या थराखाली बुजले होते. एक तर आहे हेच मला चाकूने खरवडेपर्यंत कळलं नाही. चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करायचं, तीन टोकांतून आलं आणि एकातून नाही तर ते टोक कोरडं चाललंय. माझं एक कोरडं होतं, बरंच पंप केल्यावर गंजाच्या रंगाचं ग्रीस आलं. तो क्रॉस लवकरच बदलावा लागेल, लिहून ठेवलं आहे.

टायरची नक्षी जाड होती, विकणाऱ्याने ती मला अभिमानाने दाखवली होती. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पुढच्या दोघांवर 3421, ठीक. मागच्या दोघांवर 1114, म्हणजे 2014 च्या अकराव्या आठवड्यातले. नक्षीच्या खोबणीत नख घातलं तर तळाशी केसासारख्या भेगा. भार मागेच असतो. मागचे दोन बदलले, स्टेपनीवरचे आकडे अजून बघायचे आहेत, ती हौद्याखाली साखळीला लटकलेली आहे आणि साखळी गंजलेली आहे. चाकाचे नट पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा कसून घेतले. हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे, रिकाम्या आणि भरलेल्या हौद्याला मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे आहेत.

दाराच्या चौकटीवरचा जुना स्टिकर मी काढला नाही. त्याच्या खाली माझा लावला, 1,38,640, तारीख, ऑइलचा प्रकार. बाकी सगळं कप्प्यातल्या वहीत.

काल रात्री पुन्हा पुठ्ठा घातला होता. सकाळी एकच डाग, डिफरन्शियलच्या पुढच्या सीलखाली, दोन थेंब. मागच्या डाव्या चाकापाशी कोरडं. तरी बोट फिरवून पाहिलं. दोन थेंबांभोवती पेनने गोल काढला, बाजूला तारीख लिहिली आणि पुठ्ठा सीटच्या मागे सरकवून ठेवला. पुढच्या रविवारी तोच घालायचा आहे.